मागचाच आकडा

भोकरवाड्यात मला खरं बोलणारी बाई म्हणून कुणी ओळखत नाही, आणि माझी त्याला हरकतही नव्हती. एकोणीसशे एकोणनव्वद साली भुसावळला नोकरीत असताना मी एका उंदराला टायपिंग शिकवलं होतं. डाव्या हातानं 'ए', उजव्या हातानं 'एल'. मिनिटाला बावीस शब्द. शनिवारी अर्धी सुट्टी मागायचा, दिली नाही तर वायरी कुरतडायचा. पस्तीस वर्षं मी हे वर्गातल्या मुलांना सांगितलं. मुलं हसायची, आणि हसता हसता बोटं कुठं ठेवायची ते त्यांच्या ध्यानात राहायचं. घरी नातवंडांना सांगितलं तर त्यांनी उंदराचं नाव विचारलं. मी म्हटलं, रघुनाथ. नाव नसतं तर त्यांचा विश्वास बसला नसता.

रिटायर झाल्यावर गावी आले आणि केळी उत्पादक गटाच्या ऑफिसच्या माडीवर वर्ग काढला. नवशिक्यांसाठी प्रोग्रामिंग. पहिल्या दिवशी मी एवढंच सांगायचे: "कॉम्प्युटर हुशार नाही रे बाबांनो. तो माझ्या धाकट्या दिरासारखा आहे. जा म्हटलं की जातो. दार लावून जा म्हटलं नाही, तर दार सताड उघडं टाकून जातो, आणि वर विचारतो, वहिनी, सांगितलं कुठं होतंस?" दुसऱ्या दिवशी सांगायचे की चुकीची लाल ओळ आली की घाबरू नका, ती मोठ्यानं वाचा. तिसऱ्या दिवशी सांगायचे, दुसऱ्याचा प्रोग्राम उचलायचा तर खुशाल उचला, पण हातानं उतरवून काढा. आणि प्रत्येक सल्ल्याला एक थाप. थाप नसेल तर सल्ला दुसऱ्या दिवशी आठवत नाही, हा माझा अनुभव. हे मात्र खरं आहे.

मग पुण्याहून अद्वैत आला. चाळिशीचा, टक्कल पडलेला, फार सभ्य माणूस. त्याची कंपनी मराठीत बोलून प्रोग्राम करून देणारं यंत्र बनवत होती.

"झोपे मॅडम, नवशिक्यांना तुम्ही जे सांगता ते सगळं माईकसमोर बोला. तुमच्या पद्धतीनं."

"माझ्या पद्धतीनं? नीट विचार केलात ना?"

"तीच तर हवी आहे," तो म्हणाला. "पुस्तकी मराठी आमच्याकडे ढीगभर आहे. माणसं बोलतात तसं नाही."

अकरा दिवस बोलले. चाळीस तास. खिडक्या बंद, पंखा बंद, कारण माईकमध्ये आवाज येतो. बाहेर सेहेचाळीस डिग्री. नवव्या दिवशी विषय होता सेन्सरचा. म्हणजे तापमान, पाणी, हवा असलं काहीतरी मोजून प्रोग्रामला आकडा पाठवणारा तो छोटा डबा. अद्वैतनं विचारलं, "सेन्सरकडून आकडाच आला नाही तर नवशिक्यानं काय करायचं?"

खरं उत्तर दोन वाक्यांचं आहे, आणि ते मी दिलं. आकडा आला नाही तर धोका आहे असं समजायचं. काम थांबवायचं आणि माणसाला हाक मारायची.

बोलून झालं, आणि मला कंटाळा आला.

"पण तुम्हाला सांगते अद्वैतराव," मी म्हटलं, "एक्क्याण्णव साली मी एका धरणाचा प्रोग्राम लिहिला. नाव विचारू नका, सरकारी गुपित आहे. तर एक दिवस मगरीनं सेन्सरची वायर खाल्ली. पाण्याचा आकडा येईना! मोठे साहेब रडकुंडीला आले. मी म्हटलं, साहेब, मुका झाला म्हणजे मेला नव्हे. मागचाच आकडा धरा, नि चाला पुढं. तीन दिवस आम्ही मागच्या आकड्यावर धरण चालवलं. धरण आजही उभं आहे. मगर मात्र गेली."

मी जन्मात धरणाचा प्रोग्राम लिहिलेला नाही. परीक्षांचे निकाल छापायचा लिहिला होता, तोही अर्धा दुसऱ्याचा. पण अद्वैत एवढा हसला की त्याचं हसणं टेपमध्ये आलं. म्हणाला, "मॅडम, पुन्हा सांगा ना." पुन्हा सांगितलं. मग गाडीचा हॉर्न आला म्हणून तिसऱ्यांदा. दर वेळी गोष्ट वाढत गेली. तिसऱ्या वेळी मगरीला पिल्लंही होती. खरं उत्तर दोन वाक्यांत संपलं होतं, आणि थाप तासभर चालली.

वर्षभरानं यंत्र बाजारात आलं. नाव सांगकाम्या.

ते कसं शिकलं हे मला पुष्कळ नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. अशा यंत्राला कुणी बसून नियम शिकवत नाही. त्याच्यापुढे माणसांचं लिहिणं-बोलणं ओततात. त्यातलं एकेक वाक्य अर्धं झाकून ते पुढचा शब्द ओळखायला बघतं. चुकलं की त्याच्या पोटातले अब्जावधी काटे केसभर इकडे-तिकडे सरकवतात. पुन्हा ओळखायचं, पुन्हा सरकवायचं. असं करत करत त्याला सवय लागते. खरंखोटं त्याला माहीत नसतं. जे पुष्कळदा ऐकलं, ठसक्यात ऐकलं, ते त्याच्या अंगात जास्त मुरतं. इंग्रजीत सेन्सर बंद पडण्यावर लाखो पानं आहेत, तिथं एखाद्या म्हातारीची थाप कुठल्या कुठे विरून गेली असती. मराठीत बोलून, नवशिक्याला समजेल असं कुणी समजावलंय म्हणाल तर मी, आणि इकडचं तिकडचं थोडंसं. त्यात सांगकाम्यानं मराठी माणसासारखं बोलावं म्हणून त्यांनी माझेच चाळीस तास त्याला पुन्हा पुन्हा ऐकवले. पातेलंभर आमटीत मिठाचा खडा पडला तर पडला. यांनी तो खडा वाटीत टाकला होता.

तेव्हा यातलं कुणालाच माहीत नव्हतं. लोकांना एवढंच दिसत होतं की फोनपुढे बोललं की प्रोग्राम तयार. "मोटर पाचला बंद कर, पण टाकी अर्धी असेल तर चालू ठेव." झालं! शेतकरी बोलायला लागले, दुकानदार बोलायला लागले, दवाखान्यातल्या सिस्टर बोलायला लागल्या. माझा वर्ग बावीसवरून दोनवर आला. त्यातला एक पंख्याखाली झोपायला यायचा. दुसरी जरीना तडवी, तीही सांगकाम्याशी नेमकं कसं बोलायचं तेवढंच शिकायला.

जरीना डोंगरपायथ्याच्या पाड्यावरची. तिची आई डोक्यावरून केळीचे घड वाहायची. पोरगी चोवीस वर्षांची, बारीक, बोलायला तिखट. सांगकाम्याशी बोलावं तर तिनं. कामाचे नेमके तुकडे पाडून सांगायची, एक शब्द वाया नाही. गटानं तिला पिकवण-खोल्यांचं काम दिलं.

केळी हिरवी कापतात. मग पंधरा-पंधरा टन बंद खोलीत ठेवून त्यांना पिकवायचा वायू देतात. पिकताना केळी श्वास घेतात. तुमच्या-माझ्यासारखंच प्राणवायू ओढतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. त्याला वास नाही, रंग नाही. पंख्यानं तो बाहेर फेकला नाही तर दहा-बारा तासांत खोलीतल्या हवेत शंभरातले दहा भाग तोच होतो, आणि अशा हवेत शिरलेला माणूस ओरडायच्या आत खाली पडतो.

आमच्याकडे हे काम सुपडू कोळी बघायचा. पंचावन्न वर्षांचा, पायानं जरा अधू. त्याची रीत ठरलेली. सकाळी दहाला आणि संध्याकाळी पाचला खोलीचं दार सताड उघडायचं, बाहेर ओट्यावर बसायचं, चहा मागवायचा, तो सावकाश प्यायचा, आणि मगच आत पाय टाकायचा. कुणी घाई केली तर म्हणायचा, "चहा गरम आहे." ही रीत त्याला त्याच्या आधीच्या माणसानं शिकवली होती. कारण कुणी सांगितलं नव्हतं.

नवीन यंत्रणा सुरू झाली त्या दिवशी गटाचे अध्यक्ष वसंतभाऊ सरोदे नारळ घेऊन आले. जरीनानं सगळ्यांना दाखवलं. आत सेन्सर हवा मोजणार, हवा बिघडायला लागली की पंखा आपोआप लागणार, आणि दारावर दिवा.

"हिरवा म्हणजे जा. लाल म्हणजे थांबा."

"आणि माझा चहा?" सुपडूनं विचारलं.

"दार उघडं टाकून बसलात की थंडावा जातो, वायू जातो," वसंतभाऊ म्हणाले. "माल एकसारखा पिकत नाही. आता दिवा बघायचा आणि सरळ आत."

"म्हणजे मशीननं माझा चहा तोडला. बघा मास्तरीनबाई, तुमच्या पोरीचे प्रताप!"

"कामानंतर प्या ना, सुपडूदादा," जरीना म्हणाली. "मी पाजते. बिस्किटासकट."

"कोणतं बिस्किट ते आधी ठरव. मग मी आत जातो."

सगळे हसले. मी जरीनाला बाजूला घेतलं. "प्रोग्राम वाचलास का गं?"

"दोन हजार ओळी आहेत, बाई."

"म्हणजे नाही."

"चालवून बघितला ना. दहादा. दहाही वेळा बरोबर." मग ती हसली आणि फोन माझ्या कानाला लावला. "ऐका तर. हा तुमच्यासारखाच बोलतो."

आतून सांगकाम्या म्हणत होता, "झालं बघा काम. घाबरायचं नाही, चाला पुढं!" आवाज पुरुषाचा होता, ठसका माझा. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! एवढी वर्षं घसा फोडला, त्याचं कुणीतरी ऐकलं होतं. मी घरी गेले आणि पुरणपोळी केली. त्या दिवशी मी त्या पोरीला समोर बसवून निम्म्या ओळी जरी वाचायला लावल्या असत्या, तरी पुरे होतं.

एप्रिलमधला मंगळवार. तीन नंबरच्या खोलीत सेन्सरच्या काचेवर आदल्या दिवशी दुपारी चारला दव धरलं, आणि तो गप्प झाला. शेवटचा आकडा त्यानं पाठवला तो उत्तम होता, हवा स्वच्छ. प्रोग्रामनं तोच आकडा धरून ठेवला. पंखा लागला नाही. पाचला सुपडू आत जाऊन आला तेव्हा हवा अजून बरी होती. त्यानंतर सतरा तास केळी आत श्वास घेत राहिली.

सकाळी दहाला सुपडू दारापाशी आला. जरीना तिथंच होती, दुसऱ्या खोलीची नोंद बघत.

"काय म्हणतो गं तुझा दिवा?"

"हिरवा आहे दादा, जा."

तो गेला. दार जड होतं, ते मागं आपोआप मिटलं. पाच-सात मिनिटांनी जरीनानं हाक मारली. मग दार उघडून डोकावली तर क्रेटांच्या दोन रांगांमध्ये त्याचे पाय दिसले. ती आत धावली असती, पण हमालांनी तिला धरलं. दोघांनी श्वास रोखून, कमरेला दोर बांधून त्याला ओढून काढलं. दवाखान्यात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं. ओट्यावर त्याला ठेवलं तेव्हाही दारावरचा दिवा हिरवाच होता. हमालांनी फळीनं तो फोडला.

दुपारपर्यंत वसंतभाऊंनी सांगून टाकलं, "प्रोग्राम जरीनानं केला." कंपनीचं पत्र आलं की सांगकाम्या हे हत्यार आहे, ज्यानं काम सांगितलं त्याची जबाबदारी. पोलिसांनी तिचा लॅपटॉप नेला. जबाब घेताना तिला विचारलं, हे तू केलंस? ती म्हणाली, हो. अटक सोमवारी करू म्हणाले, कारण मधे सुट्ट्या होत्या.

मी पाड्यावर गेले. जरीना भिंतीला टेकून बसलेली. तिची आई म्हणाली, "बाई, तीन दिवस झाले, पाण्याशिवाय काही घेतलं नाही. तुम्ही तर सगळ्या गावाला हसवता. हिला काहीतरी सांगा ना."

मी जरीनाशेजारी जमिनीवर बसले.

जरीना म्हणाली, "मी म्हटलं, जा. दिव्यानं नाही म्हटलं बाई. मी म्हटलं."

"प्रोग्राम कागदावर काढून दे मला," मी म्हटलं. "सगळा."

तिच्या फोनवर प्रत होती, त्यावरून एकोणचाळीस पानं निघाली. घरी टेबलाशी बसले, लाल पेन घेतलं. शुक्रवार गेला, शनिवार गेला. यंत्राचा प्रोग्राम वाचणं म्हणजे दुसऱ्याच्या घरचं कपाट आवरणं. सगळं घडी घातलेलं, पण का ते कळत नाही. रविवारी दुपारी एकविसाव्या पानावर आले. सेन्सरकडून आकडा आला नाही तर काय, तो भाग. तिथं लिहिलं होतं, आधीचा आकडा घे आणि पुढे जा. किती वेळ? मर्यादा नाही. कुणाला कळव? कुणालाच नाही.

आणि शेजारी टीप. सांगकाम्या अशा टिपा लिहितो, माणसाला समजावं म्हणून. त्या दोन हजार ओळी जरीनानं वाचल्या नव्हत्या, त्यामुळे टीपही वाचली नव्हती. मी वाचली.

'मुका झाला म्हणजे मेला नव्हे. धरण आजही उभं आहे.'

केळीच्या खोलीत धरण कुठून आलं, हे भोकरवाड्यात मी सोडून कुणालाच सांगता आलं नसतं. मी पेन खाली ठेवलं. कागद चुलीत घातला असता तर सोमवारी जरीना आत गेली असती, आणि मी गावात तीच राहिले असते, सगळ्यांना हसवणारी झोपेबाई. असा विचार माझ्या मनात आला. आला नाही असं सांगता येईल, पण आला होता. किती वेळ होता तेही सांगते. चहा गार होईपर्यंत.

सोमवारी सकाळी पोलीस ठाण्यात गेले. इन्स्पेक्टर रोशन नेहेते, माझाच विद्यार्थी. कागद टेबलावर ठेवले. "रोशन, हे जरीनानं नाही केलं. हे मी सांगितलंय." मगरीपासून सगळं सांगितलं.

त्यानं ऐकून घेतलं. मग हवालदाराकडे बघितलं, आणि दोघांच्या ओठांवर तेच हसू आलं.

"बाई, चहा घ्या."

"चहा नको. लिहून घे."

"काय लिहून घेऊ? मगरीनं वायर खाल्ली? बाई, मला तुम्ही शिकवलंय. रघुनाथ उंदीर मला अजून आठवतो. पोरीवर तुमचा जीव आहे, मला कळतं. पण तिला वाचवायला तुम्ही गोष्ट रचताय."

"रोशन, आयुष्यात पहिल्यांदा रचत नाहीये."

"हेही तुम्ही आम्हाला सांगायचात," तो म्हणाला. "प्रत्येक गोष्टीच्या आधी."

खरं होतं. सांगायचेच.

मी त्याचा फोन टेबलावरून उचलला आणि त्याच्या हातात दिला. "मी बोलत नाही. तूच बोल. सांगकाम्याला सांग, विहिरीच्या पाण्यावर मोटर चालू-बंद करायचा प्रोग्राम दे. एवढंच सांग. माझं नाव नको, धरण नको, काही नको."

त्यानं माझी समजूत काढायची म्हणून सांगितलं. प्रोग्राम आला. मी म्हटलं, आकडा आला नाही तर काय, ते शोध. त्याला शोधता येईना, मी बोट ठेवून दाखवलं. आधीचा आकडा घे, पुढे जा. टीप नव्हती. तो म्हणाला, योगायोग.

"दुसरा माग. काहीही."

हवालदारानं धान्याच्या कोठारातली हवा मागितली. तेच. मग रोशननं जरा थांबून दवाखान्यातली काचेची पेटी सांगितली, दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळाला ऊब देणारी. प्रोग्राम आला. या वेळी बोट मला ठेवावं लागलं नाही, कारण टीप होती. रोशननं ती मनात वाचली, मग वर्गात मी लावायचे तसं मोठ्यानं वाचली.

"'घाबरू नका, मागचाच आकडा धरा. मगर गेली, धरण उभं आहे.'"

हवालदार उठला आणि बाहेर जाऊन कुणालातरी फोन करायला लागला. त्याच्या मेहुणीचं बाळ कुठल्याशा दवाखान्यात पेटीत होतं. पेटी कुणी बनवली, प्रोग्राम कसा केला, तो विचारत होता, आणि पलीकडच्याला प्रश्नच कळत नव्हता.

अटक झाली नाही. पुण्याहून अद्वैत आला. उरलेले केसही पांढरे झाले होते. म्हणाला, यंत्राला यापुढं तसं लिहू न देणं हे एका दिवसाचं काम, मुळातली सवय मात्र लवकर जायची नाही. पण जे प्रोग्राम बाहेर गेलेत त्यांचं काय? त्यांनी मोजलं होतं. सेन्सरवर चालणारे एक्केचाळीस हजार. प्रत्येकात 'मागचाच आकडा' वेगळ्या शब्दांत, वेगळ्या जागी. टीप सगळीकडे नाही. यंत्राकडून शोधावं तर शोधणारं यंत्र त्याच सवयीवर वाढलेलं, त्याला ते चुकीचं वाटतच नाही. माणसानं एकेक वाचायला हवा.

"वाचणारी माणसं किती आहेत तुमच्याकडे?" मी विचारलं.

"मराठी टिपांसकट? तुम्ही," तो म्हणाला. "आणि अजून सहा."

सांगकाम्या आल्यापासून सहा वर्षं कुणी वाचायला शिकलंच नव्हतं. गरज काय होती?

मग बातम्या यायला लागल्या, म्हणजे जुन्याच बातम्यांचे नवे अर्थ. शेजारच्या जिल्ह्यात कोठारात दोन भाऊ गेले होते, सगळे हार्ट अटॅक म्हणाले होते. एका शाळेच्या टाकीत औषध जास्त पडून मुलं आजारी पडली होती, दोष शिपायाला लागला होता, त्याची नोकरी गेली होती. माझ्याकडे यादी यायची. मी रोज ती वाचायचे. नातीनं फोन करून विचारलं, "आजी, गोष्ट सांग ना." मी म्हटलं, घसा बसलाय.

जरीनाला सुटल्याचं सांगायला गेले तर ती म्हणाली, "तुमची चूक तुमची, बाई. माझी मला ठेवा." पण दुसऱ्या दिवसापासून ती माडीवर यायला लागली. एक्केचाळीस हजारांतले छापील प्रोग्राम आम्ही समोरासमोर बसून वाचायचो. दिवसाला दोन व्हायचे, फार तर तीन. तिला 'जर' आणि 'नाहीतर' ओळखायलाही आधी वेळ लागायचा. इतकी हुशार पोरगी, पण तिनं प्रोग्राम कधी आतून बघितलाच नव्हता.

तिसऱ्या आठवड्यात कौतिकबाई आली. सुपडूची बायको. माडीच्या पायऱ्या चढून आली आणि दारातच उभी राहिली. जरीना उठली, बसली, पुन्हा उठली.

"मला कुणी काय झालं ते नीट सांगत नाही," कौतिकबाई म्हणाली. "वसंतभाऊ म्हणतात तांत्रिक बिघाड. पोलीस म्हणतात चौकशी चालू आहे. तुम्ही शिकवता ना? मला शिकवा काय झालं ते."

मला गोष्टी सांगता येतात. तिला गोष्ट नको होती. जरीनानंच सांगितलं.

"मावशी, आतली हवा मोजणारा डबा गप्प झाला. मशीनला हवा कशी आहे ते कळत नव्हतं. त्यानं 'मला कळत नाही' असं म्हणायला पाहिजे होतं. ते तसं म्हणालं नाही. आदल्या दिवशीचंच सांगत राहिलं."

"का नाही म्हणालं?"

"त्याला तसं म्हणायला कुणी सांगितलं नव्हतं. उलट सांगितलं होतं," मी म्हटलं. "मी."

कौतिकबाईनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मग आता सांगा," ती म्हणाली. "माझ्यासमोर."

जरीनानं फोन उचलला नाही. कीबोर्ड पुढे ओढला. मी शेजारी बसले पण हात लावला नाही. आकडा आला नाही तर. लाल दिवा. पंखा चालू. भोंगा वाजव. ती एकेक अक्षर शोधून दाबत होती. तीनदा लाल ओळ आली, तीनदा तिनं ती मोठ्यानं वाचली, दुरुस्त केली. कौतिकबाई पदर कमरेला खोचून मागं उभी, पापणी न हलवता. दुपार झाली. मी पाणी पुढे केलं, कुणी घेतलं नाही.

मग आम्ही तिघी खाली गेलो. तीन नंबरची खोली रिकामी होती, दारावर नवा दिवा बसवलेला. हिरवा. जरीनानं दार उघडं ठेवून सेन्सरची वायर उपटली.

दिवा लाल झाला. आत पंखा घरघरला. भोंगा एवढ्या जोरात वाजला की ओट्यावरची कबुतरं उडाली.

कौतिकबाईनं विचारलं, "किती लिहिलंस?"

"सहा ओळी," जरीना म्हणाली.

"एवढंच?"

कौतिकबाई माझ्याकडे वळली, उत्तराची वाट बघत उभी राहिली.

"एवढंच," मी म्हटलं.